'रेन' म्हणजे राज्य करणे, की गादीवर असणे?

प्रश्न : अनुवादिका

नमस्कार. इंग्लंड आणि फ्रान्सच्या राजांवरचा एक लांबलचक लेख मी इंग्रजीतून मराठीत आणते आहे. तिसऱ्या जॉर्जपाशी अडले. मी केलेला तर्जुमा असा होता : "तिसऱ्या जॉर्जने जवळजवळ साठ वर्षे राज्य केले, त्यातली शेवटची नऊ वर्षे त्याच्या मुलाने राज्य केले." संपादकांनी समासात पेन्सिलीने दोनच शब्द लिहून पान परत पाठवले : "दोघांनी एकदम?"

मूळ वाक्य पुन्हा काढून पाहिले. बापासाठी 'रेन' (reign) हा शब्द आहे आणि मुलासाठी 'रूल' (rule). माझ्याजवळच्या शब्दकोशात दोन्हींपुढे 'राज्य करणे' एवढेच दिले आहे. मागे जाऊन पाहिले तर लेखभर मी 'रेन', 'रूल' आणि 'गव्हर्न' या तिन्हींना हाच एक अर्थ लावला आहे. आता सगळी पाने पुन्हा चाळावी लागणार. ती चाळण्याआधी नीट समजून घ्यायचे आहे.

या तिघांत नेमका फरक काय? 'रेन'च्या स्पेलिंगमध्ये उच्चारात कुठेही न येणारा 'जी' कुठून आला? 'फॉरेन'मध्येही तसाच 'जी' आहे, मग ते एकाच घरातले शब्द का? शिवाय याच लेखात एके ठिकाणी 'फ्री रेन' (free rein) आले आहे आणि तिथे स्पेलिंग वेगळे आहे, 'जी' नाही. ती छापण्यातली चूक समजायची का?

उत्तर १ : निवृत्त मास्तर

ताई, तुमच्या संपादकांनी बरोबर जागी बोट ठेवले. मी एकतीस वर्षे इंग्रजी शिकवले आणि या शब्दाबद्दल मला फार आपुलकी आहे, म्हणून जरा लांब लिहितो.

व्याकरणापासून सुरुवात करा, म्हणजे अर्थ आपोआप उलगडेल. 'रूल' आणि 'गव्हर्न' सकर्मक चालतात : अमक्याने देश 'रूल' केला, तमक्याने प्रांत 'गव्हर्न' केला. 'रेन' मात्र अकर्मक आहे. इंग्रजीत कोणी देशाला 'रेन' करत नाही. राजा नुसता 'रेन' करतो, फार तर 'ओव्हर' लावून देशावर 'रेन' करतो. कर्म लागत नाही, कारण त्यात काही केलेच पाहिजे असे नाही. राजेपणी असणे म्हणजे 'रेन'. आपले 'राज्य करणे' हे 'करणे'वाले क्रियापद असल्यामुळे तुमच्या वाक्यात दोघेही एकाच वेळी काहीतरी करताना दिसतात आणि वाचणारा गोंधळतो.

तिसरा जॉर्ज १७६० साली गादीवर आला आणि १८२० साली वारला. शेवटच्या काळात त्याचे मन ताळ्यावर राहिले नाही, म्हणून १८११ पासून मुलगा 'रीजंट', म्हणजे राजप्रतिनिधी झाला. सह्या त्याच्या, निर्णय त्याचे. तरी त्या नऊ वर्षांतला एकही दिवस मुलाच्या 'रेन'मध्ये मोजत नाहीत. चौथा जॉर्ज म्हणून त्याचा 'रेन' १८२० ते १८३०, बस्स. बाप जिवंत होता, मुकुट बापाचा होता, म्हणून 'रेन'ही बापाचाच.

याहून ठसठशीत उदाहरण फ्रान्सच्या चौदाव्या लुईचे. १६४३ मध्ये वडील गेले तेव्हा त्याला पाचवे वर्षही पूर्ण झाले नव्हते. त्या दिवसापासून त्याचा 'रेन' सुरू. राजप्रतिनिधी म्हणून आई, ऍन ऑफ ऑस्ट्रिया. आणि कारभाराची सगळी घडी मुख्य मंत्री कार्डिनल माझारँच्या हाती. माझारँ १६६१ च्या मार्चमध्ये वारला आणि बावीस वर्षांच्या राजाने जाहीर केले की यापुढे मुख्य मंत्री नेमणार नाही, सगळे मीच पाहीन. तिथून त्याचा खरा 'रूल'. १७१५ मध्ये तो गेला. म्हणजे 'रेन' बहात्तर वर्षांचा आणि स्वतः चालवलेला कारभार चौपन्न वर्षांचा. मधली अठरा वर्षे फक्त 'रेन' या एका शब्दात राहतात.

आणि उलट टोक पाहायचे तर दुसरी एलिझाबेथ. १९५२ ते २०२२, सत्तर वर्षांचा 'रेन', चर्चिलपासून लिझ ट्रसपर्यंत पंधरा पंतप्रधान. 'गव्हर्न' त्या पंधरा जणांनी केले. फ्रेंच राजकारणी तिएर याने १८३० मध्ये हा भेद एका ओळीत मांडला होता : राजा गादीवर असतो, कारभार करत नाही. त्याच्या फ्रेंच वाक्यात 'रेन' आणि 'गव्हर्न' यांचीच फ्रेंच भावंडे समोरासमोर उभी केलेली आहेत. तुमच्या लेखात हे वाक्य आले असेल आणि दोन्ही जागी 'राज्य करणे' पडले असेल, तर ते आधी दुरुस्त करा. नाहीतर ते "राजा राज्य करतो पण राज्य करत नाही" असे होऊन बसेल.

आता घराणे. लॅटिनमध्ये 'रेक्स' म्हणजे राजा, 'रेग्नुम' म्हणजे राजेपण किंवा राज्य. 'रेग्नुम'चे जुन्या फ्रेंचमध्ये रूप बदलले आणि तिथून ते मध्ययुगीन इंग्रजीत आले. फ्रेंच लोक 'जी-एन' ही जोडी आपल्या 'ञ'सारखी उच्चारतात. इंग्रजांच्या जिभेवर तो 'ञ' टिकला नाही, नुसता 'न' उरला. लिहिण्यात मात्र 'जी' तसाच राहिला. तो सायलेंट आहे म्हणून फुकटचा नाही, 'रेग्नुम'ची खूण आहे. सुरुवातीला इंग्रजीत या शब्दाचा अर्थ 'राज्य', म्हणजे तो मुलूखसुद्धा होत असे. ती जागा पुढे 'किंग्डम' आणि 'रेल्म' यांनी घेतली आणि 'रेन'कडे काळ तेवढा राहिला. म्हणून आज "व्हिक्टोरियाच्या रेनमध्ये" म्हटले की कुठे असे कोणी विचारत नाही, कधी ते कळते : १८३७ ते १९०१.

'फॉरेन'बद्दल विचारलेत ते फार बरे झाले, कारण इथे मी स्वतः चुकलो होतो. 'रेन', 'फॉरेन', 'सॉव्हरिन' हे तिन्ही शब्द फळ्यावर एकाखाली एक लिहून मी मुलांना सांगत असे की हे एकाच कुळातले, म्हणून तिघांत 'जी'. कितीतरी वर्षे तसेच शिकवले. एकदा एका मुलीने विचारले, "सर, परदेशी माणसाचा आणि राजाचा काय संबंध?" मला उत्तर देता येईना. घरी येऊन मोठा कोश उघडला. 'फॉरेन' लॅटिनच्या 'बाहेर' या अर्थाच्या शब्दावरून आलेला, 'सॉव्हरिन' लॅटिन 'सुपर', म्हणजे 'वर', यावरून आलेला. दोन्हींत मुळात 'जी' नव्हताच. 'रेन'च्या देखादेखी लिहिणाऱ्यांनी तो घातला आणि तो तिथेच राहिला. कवी मिल्टन 'सॉव्हरिन'ऐवजी 'जी' नसलेले आखूड रूप लिहीत असे. दुसऱ्या दिवशी मी वर्गात चूक सांगून फळ्यावर नवी मांडणी केली. पण आधीच्या वर्गांना ती सांगायची राहिली, त्याची हळहळ अजून वाटते. म्हणून तुम्हाला आत्ताच सांगतो : 'जी' खरा फक्त 'रेन'चा.

अजून एक गोष्ट, कारण ती आपल्या भाषेपर्यंत येऊन पोचते. 'रेक्स'च्या मागे लॅटिन 'रेगेरे' हे क्रियापद आहे : सरळ नेणे, दिशा दाखवणे. त्याच धातूच्या पोटी 'रेगुला', म्हणजे सरळ पट्टी, आणि तिच्यापासून इंग्रजी 'रूल' आणि 'रूलर'. राज्यकर्ता आणि कंपासपेटीतली पट्टी यांना इंग्रजीत एकच शब्द आहे तो योगायोगाने नव्हे. भाषाशास्त्रज्ञ आपला 'राजन्' आणि 'ऋजु' म्हणजे सरळ, हे दोन्ही शब्द याच प्राचीन मुळाशी नेऊन जोडतात. आपल्या परंपरेत मात्र 'प्रजेचे रंजन करतो तो राजा' अशी फोड सांगितली जाते. ती ऐकायला गोड आहे, राजाने कसे असावे हेही तीत आहे, पण शब्दाचा उगम म्हणून ती धरू नका.

'गव्हर्न' या घरातला नाहीच. तो ग्रीक भाषेतून लॅटिनमार्गे आला, आणि ग्रीकमधला अर्थ जहाज हाकणे, सुकाणू धरणे. आपण नेत्याला 'कर्णधार' म्हणतो तेव्हा नेमकी हीच प्रतिमा वापरतो : संस्कृतात 'कर्ण' म्हणजे सुकाणूही, आणि ते धरणारा तो कर्णधार. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता कारभाराला होडीची उपमा दिली, हे मला आजही विलक्षण वाटते.

उत्तर २ : पागेतला

'फ्री रेन'चे मी सांगतो. घोड्यांच्या सोबतीत बरीच वर्षे गेली आहेत.

ती छापण्यातली चूक नाही. उलट तिथे 'जी' घातला असता तर चूक झाली असती. हा वेगळा 'रेन', म्हणजे लगामाची वादी. मुळाशी लॅटिनमधले 'मागे धरून ठेवणे' आहे. 'रिटेन' या शब्दात ते अजून स्पष्ट दिसते. अवघड उतार असेल, पायाखाली दगडगोटे असतील, तेव्हा जाणता स्वार वादी आवळत नाही, सैल सोडतो. घोड्याला मान खाली घालता येते, तोल सावरता येतो आणि पाऊल कुठे टाकायचे ते तो स्वतः ठरवतो. हा झाला 'फ्री रेन'. त्यात राजाचा काही संबंध नाही.

हल्ली इंग्रजी लिहिणारेही इथे सर्रास 'जी' घालतात, कारण घोडे रोजच्या जगण्यातून गेले आणि 'मोकळे राज्य' असा काहीतरी अर्थ त्यांना पटतो. तसेच 'रेन इन' म्हणजे लगाम खेचणे, आवर घालणे. तिथेही 'जी' नको. सत्तेची 'रेन्स' हाती घेणे, हेही घोड्याचेच. सत्तेचा विषय आहे म्हणून हात आपोआप 'जी'कडे जातो, तेवढे सांभाळा.

मराठीत 'फ्री रेन'ला 'रान मोकळे करून देणे' घ्या. त्यातही मोकळे सुटलेले जनावरच डोळ्यासमोर येते.

उत्तर ३ : निवृत्त मास्तर

वरच्या उत्तराला एक पुरवणी. पावसाचा 'रेन' या दोघांपेक्षाही निराळा, अस्सल जर्मानिक कुळातला. गंमत अशी की जुन्या इंग्रजीत पावसाच्या या शब्दात 'जी' होता! तो पुढे गळाला, आणि राजाचा 'जी' राहिला. उच्चार एक, शब्द तीन, घराणी तीन. श्रुतलेखनात मी हे तिन्ही एका वाक्यात घालत असे.

अनुवादिका

सर, पागेतले दादा, दोघांचे मनापासून आभार. 'अकर्मक' या एका शब्दाने माझी निम्मी पाने सुटली.

आता पुढचा पेच. लेखात क्रॉमवेल आहे. त्याच्यासाठी लेखकाने एकदाही 'रेन' वापरलेला नाही, प्रत्येक वेळी 'रूल' आहे. हे मुद्दाम असेल का? आणि दुसऱ्या चार्ल्सविषयी असे वाक्य आहे की तो १६६० मध्ये परतला ते त्याच्या 'रेन'चे बारावे वर्ष होते. परतला त्या साली बारावे वर्ष कसे?

उत्तर ४ : सनावळी

दोन्ही गोष्टी लेखकाने जाणून केल्या आहेत, आणि दोन्ही एकाच किल्लीने उघडतात.

इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स, म्हणजे दुसऱ्या चार्ल्सचा बाप, याचा ३० जानेवारी १६४९ रोजी शिरच्छेद झाला. राजपद रद्द झाले. १६५३ पासून ऑलिव्हर क्रॉमवेल 'लॉर्ड प्रोटेक्टर', म्हणजे राजा नसलेल्या देशाचा प्रमुख, होता. कित्येक राजांना मिळाली नसेल एवढी सत्ता त्याच्या हाती होती, सैन्य त्याच्या शब्दात होते. १६५७ मध्ये संसदेने त्याला मुकुट देऊ केला आणि त्याने तो नाकारला. तेव्हा 'रूल' आहे, 'गव्हर्न' आहे, 'रेन' नाही. क्रॉमवेलला 'रेन' लावणे म्हणजे त्याने नाकारलेला मुकुट आपण त्याच्या डोक्यावर ठेवणे.

दुसऱ्या चार्ल्सचे याच्या बरोबर उलट. बाप गेला तेव्हा तो परदेशात होता आणि पुढची बहुतेक वर्षे आश्रिताचे जिणे जगला. १६६० च्या मे महिन्यात संसदेने जाहीर केले की बापाच्या मृत्यूच्या क्षणापासून कायद्याने राजा तोच होता. झाले, मधली अकरा वर्षे कागदावर त्याच्या 'रेन'मध्ये जमा झाली, आणि १६६० हे बारावे वर्ष ठरले. हे केवळ मानापुरते नव्हते. इंग्लंडमध्ये कायद्यांवर इसवी सन नव्हे, राजाच्या 'रेन'चे वर्ष घालत, आणि ही पद्धत १९६२ पर्यंत चालू होती. हेबिअस कॉर्पसचा, म्हणजे बेकायदा अटकेविरुद्धचा, प्रसिद्ध कायदा १६७९ चा. त्याच्यावरचा क्रमांक दुसऱ्या चार्ल्सच्या एकतिसाव्या वर्षाचा आहे. प्रत्यक्ष सिंहासनावर बसून तेव्हा त्याला एकोणीस वर्षे झाली होती.

गंमत म्हणजे याच अकरा वर्षांना इतिहासकार 'इंटररेग्नम' म्हणतात, म्हणजे दोन 'रेग्नुम'मधला मोकळा काळ. कायद्याच्या वहीत तिथे राजा आहे, इतिहासाच्या वहीत नाही. तुमच्या लेखात दोन्ही मोजण्या येत असतील तर वाचकासाठी एक वाक्य वाढवा. मूळ लेखकाला त्याच्या वाचकासाठी ते लागले नसेल, आपल्याला लागेल.

उत्तर ५ : शब्दवेडी

इतिहास इथे भरपूर झाला. मला मराठी बाजू मांडायची आहे, कारण अनुवाद शेवटी तिथे उतरायचा आहे.

नाम म्हणून 'रेन' आले तर 'कारकीर्द' हा सगळ्यांत जवळचा शब्द. फारसीतून आला, मराठीत रुळला, आणि त्यात काळही आहे. अडचण एवढीच की आता तो मंत्र्यांपासून फलंदाजांपर्यंत सगळ्यांना लागतो. शेजारी राजाचे नाव असेल तर बिनदिक्कत वापरा. 'अमदानी' जुन्या वळणाचा, पण देखणा. 'राजवट' मात्र जपून : तिला घराण्याचा किंवा व्यवस्थेचा वास आहे. व्हिक्टोरियाची कारकीर्द, पण ब्रिटिशांची राजवट. 'राज्यकाल' निर्दोष आहे. तक्ते आणि सनावळ्यांत तोच घ्यावा.

क्रियापदासाठी सर म्हणाले तसे 'गादीवर असणे'. लेखाची भाषा भारदस्त असेल तर 'सिंहासनावर असणे'.

खरी मजा लाक्षणिक अर्थात आहे. तिथे इंग्रजी एकाच 'रेन'वर भागवते आणि मराठी दर वेळी वेगळा शब्द काढते. शांतता 'रेन' करते असे इंग्रजीत आले तर आपल्याकडे शांतता नांदते. नांदणे हा शब्द किती घरगुती! त्यात हुकमत नाही, नीट राहणे आहे. गायिका रसिकांच्या मनावर 'रेन' करते तेव्हा आपण 'अधिराज्य गाजवते' म्हणतो. 'रेनिंग' विजेता असेल तर विद्यमान विजेता. स्पर्धेच्या बातमीत गतविजेता. सगळीकडे 'राज्य करते' लिहिले की अनुवादाचा वास येतो.

आणि ज्या ठिकाणी इंग्रजीत गोंधळ 'रेन' करतो, तिथे मराठीत अराजक माजते. हे मी पहिल्यांदा शेजारीशेजारी लिहिले तेव्हा किती तरी वेळ पाहत बसले होते. इंग्रजीत गोंधळच राजा होऊन बसतो, मराठीत राजाच नसतो : अ-राजक. दोन्ही भाषांनी राजाच्या जागेकडेच पाहिले. एकीला तिथे भलताच कोणी बसलेला दिसला, दुसरीला जागा रिकामी दिसली.

तुमच्या लेखात फ्रेंच क्रांती असेल तर 'रेन ऑफ टेरर' येईलच, १७९३-९४ चा काळ. सोळाव्या लुईला १७९३ च्या जानेवारीत गिलोटिनवर चढवल्यावरचा. राजा नसलेल्या देशात हा शब्द दहशतीला बहाल झाला. फ्रेंच लोक नुसते 'दहशत' म्हणतात. 'रेन' इंग्रजीने जोडला. मराठीत 'दहशतीचे राज्य' रूढ आहे आणि तिथे ते अगदी चपखल बसते. तेवढे एक 'राज्य' बदलू नका.

अनुवादिका

काल रात्री बसून सगळी पाने तपासली. 'राज्य केले' एकेचाळीस वेळा होते, आता नऊ वेळा उरले आहे, आणि त्या नऊही ठिकाणी मूळात 'रूल' आहे. 'दहशतीचे राज्य' त्याखेरीज. तपासायला चार वाक्ये देते :

"तिसरा जॉर्ज जवळजवळ साठ वर्षे गादीवर होता, त्यातली शेवटची नऊ वर्षे कारभार राजप्रतिनिधी म्हणून मुलाच्या हाती होता."

"चौदाव्या लुईची कारकीर्द बहात्तर वर्षांची, पण सत्तेची सूत्रे त्याने स्वतःच्या हाती घेतली ती १६६१ मध्ये."

"क्रॉमवेलने राज्य केले, पण मुकुट घातला नाही."

"दुसरा चार्ल्स १६६० मध्ये गादीवर आला तेव्हा त्याच्या कारकिर्दीचे बारावे वर्ष चालू होते, कारण कायद्याने ती १६४९ पासूनच मोजली गेली."

उत्तर ६ : सनावळी

पहिली तीन तशीच ठेवा. चौथ्यात 'गादीवर आला' नको. गादीवर असणे म्हणजे 'रेन' असे आपणच वर ठरवले, मग कायद्याच्या हिशेबाने तो १६४९ पासूनच गादीवर आहे आणि वाक्य स्वतःलाच खोडते. 'मायदेशी परतला' करा. मूळ लेखकानेही तेच म्हटले आहे, तुम्हीच वर लिहिले होते.

अनुवादिका

केले. 'मायदेशी परतला'. पाने आज संपादकांकडे जात आहेत.